गुडघ्याच्या नव्या बंधासाठी मांडीतील कंडरा

कबड्डीच्या मैदानात पाऊल रोवून अंग वळवताना किंवा दुचाकीवरून पडताना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो, काही तासांत सूज येते, आणि पुढे जिना उतरताना गुडघा ‘निसटतो’ अशी तक्रार सुरू होते. असे बहुतेक रुग्ण तरुण असतात. तपासणीत सांध्याच्या आतला ‘एसीएल’ हा अस्थिबंध तुटल्याचे आढळते. तुटलेला हा बंध सहसा पूर्ववत सांधला जात नाही. ज्यांचा गुडघा व्यायामानंतरही अस्थिर राहतो, त्यांच्यासाठी दुर्बिणीद्वारे नवा बंध तयार करावा लागतो. त्यासाठी लागणारी ‘दोरी’ रुग्णाच्याच शरीरातून घेतली जाते. ती कोठून व कशी काढतात, हा नातेवाइकांकडून हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे.

खुर्चीत बसून टाच मागे दाबली, तर गुडघ्यामागे आतल्या बाजूस ताठ दोरीसारखी शीर हाताला लागते. ती सेमिटेंडिनोसस स्नायूची कंडरा होय. तिच्या शेजारीच ग्रॅसिलिसची बारीक कंडरा असते. नडगीच्या हाडावर या दोन्ही कंडरा सार्टोरियसच्या कंडरेसह एकत्र चिकटतात. तीन बोटांसारख्या दिसणाऱ्या या जागेला लॅटिनमध्ये ‘हंसाचे पाऊल’ या अर्थाचे नाव आहे. सेमिटेंडिनोससचा उपयोग एसीएलसाठी करण्याची पद्धत अमेरिकेतील शल्यविशारद मेसी यांनी १९३९ मध्येच वर्णिली होती. आज या कंडरांच्या चार पदरी घड्या घालून साधारण ८ मिलिमीटर जाडीची दोरी मिळवण्याचा प्रयत्न असतो. याहून बारीक दोरी, विशेषतः तरुण खेळाडूंमध्ये, पुन्हा तुटण्याचा धोका अधिक असतो.

रूढ पद्धतीत गुडघ्याच्या खाली, पुढे व आतल्या बाजूस तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेतात. कंडरा शोधून मोकळी करतात व ‘टेंडन स्ट्रिपर’ नावाची कडी तिच्यावरून मांडीच्या दिशेने सरकवून ती स्नायूपासून सोडवतात. ऐकायला सोपे वाटते. पण सेमिटेंडिनोससपासून पोटरीच्या स्नायूकडे जाणारे आडवे पट्टे असतात. त्यांपैकी एक जरी न कापता राहिला, तर स्ट्रिपर वाट चुकतो आणि कंडरा मध्येच तुटून आखूड हाती येते. त्या क्षणी शल्यविशारदास दुसरा पर्याय शोधावा लागतो. म्हणूनच या पाच-दहा मिनिटांच्या टप्प्यावर घाई चालत नाही.

दुसरी अडचण त्वचेची. गुडघ्याच्या पुढच्या भागास संवेदना देणारा एक बारीक चेतातंतू याच भागातून तिरका जातो. उभा छेद त्याला आडवा येतो. तिरका छेद बराचसा त्याच्या दिशेने जातो, म्हणून इजा कमी होते. इजा झाली, तर नडगीच्या वरच्या भागावर हातभर नव्हे, पण तळहाताएवढा बधिर पट्टा राहू शकतो. त्याचे क्षेत्र अनेकदा काही महिन्यांत आकसते. चालण्यात त्याने बाधा येत नाही. तरीही मांडी घालून बसणाऱ्या, गुडघे टेकून नमाज वा प्रार्थना करणाऱ्या माणसाला तो जाणवतो, हे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितलेले बरे.

गुडघ्यामागच्या घडीत छोटा छेद घेऊन कंडरा गाठण्याची पद्धत प्रोड्रोमॉस यांनी २००५ मध्ये मांडली. येथे कंडरा त्वचेखालीच सापडते, आडवे पट्टे डोळ्यांसमोर कापता येतात आणि व्रण घडीत झाकला जातो. मात्र हाडातील बोगद्यासाठी पुढचा छेद, लहान का होईना, लागतोच. शिवाय पाठीवर निजलेल्या रुग्णाच्या गुडघ्यामागे काम करणे अवघड असते, आणि मोठ्या रक्तवाहिन्या व चेतातंतू तेथून दूर नसतात. सरावलेल्या हातांना ती सोयीची ठरते. सरसकट श्रेष्ठ म्हणता येत नाही.

कंडरा काढल्याने पाय कायमचा दुबळा होईल, ही भीती मात्र अनाठायी आहे. पुष्कळ रुग्णांत त्या जागी कंडरेसारखा नवा पदर वाढतो. पाय पूर्ण मागे दुमडतानाची ताकद काहीशी कमी राहू शकते. पहिले काही आठवडे जोर लावून गुडघा दुमडणे टाळावे, आणि साधारण नऊ महिने मैदानापासून दूर राहावे; कारण नव्या दोरीत रक्तपुरवठा रुजण्यास तेवढा अवधी लागतो.