सतरा इंच म्हणजे नेमके काय?

नाशिकच्या एका वाचकाने विचारले आहे: 'माझी उंची १६८ सेंटिमीटर. माउंटन बाइक घ्यायची आहे. एका कंपनीच्या तक्त्याप्रमाणे मला स्मॉल फ्रेम लागते, दुसऱ्या कंपनीच्या तक्त्याप्रमाणे मीडियम. दुकानदार म्हणतो, डोळे मिटून १७ इंची घ्या. यातले खरे कोणते?'

तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. घोळ आहे तो 'उंची सांगा, सायकल देतो' या व्यवहारातच. पण त्याआधी एक साधा प्रश्न. सतरा इंच, पण कशाचे? चाकाचे नव्हेत, हँडलचेही नव्हेत. सीटचा दांडा जिच्यात खोचलेला असतो, त्या उभ्या नळीची लांबी सतरा इंच. क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, आसापासून मोजायला सुरुवात करायची आणि नळीच्या वरच्या टोकाला थांबायचे. एवढ्या मोठ्या यंत्राचे माप या एकाच नळीवरून का ठरावे, याचे उत्तर जवळपास दीडशे वर्षे मागे नेते.

१८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले अशी सायकल धावत होती. तिला चेन नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले, म्हणजे पायाचा एक फेरा तोच चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठे हवे आणि चाक किती मोठे घ्यायचे याची हद्द तुमचे पाय ठरवणार. लांब टांगांचा माणूस अक्षरशः जास्त वेगवान सायकल विकत घेऊ शकत असे! मला या काळाची एक खूण फार आवडते. आजही सायकलचा गिअर अनेक ठिकाणी इंचांत मोजतात, आणि ते इंच याच चाकाचे. पुढे ३२ दाते, मागे १६ दाते आणि २९ इंची चाक असेल, तर तुमचा गिअर ५८ इंची, म्हणजे तुम्ही जणू ५८ इंच व्यासाचे चाक थेट पायाने फिरवत आहात. तेवढ्या चाकावर बसायला त्या काळी सहा फुटांवरचा गडी लागला असता.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' सायकल आणली आणि मागचे चाक चेनने फिरवून पाय आणि चाक यांची ही जखडलेली जोडी सोडवली. चाके सगळ्यांना सारखी झाली. माणसामाणसांतला फरक सामावून घेण्याचे काम आता फ्रेमकडे आले. लवकरच फ्रेमचा चौकटच्या एक्क्यासारखा आकार रूढ झाला आणि वरची नळी जमिनीला समांतर आली. या फ्रेममध्ये एक मोठी सोय होती. उभी नळी किती लांब ते कळले की वरची आडवी नळी जमिनीपासून किती उंच, हेही कळायचे. त्या नळीवर पाय फाकून, दोन्ही टाचा जमिनीला टेकवून उभे राहता येईल की नाही, याचा निकाल एका आकड्यात लागत होता. म्हणून त्या काळी तो आकडा खरोखर उपयोगाचा होता.

आपल्याकडची २२ इंची काळी सायकल त्याच घराण्यातली. घरात एकच सायकल, तिच्यावर वडील कामाला जाणार, काका बाजार आणणार आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही मुले शिकणार. नळी छातीपर्यंत यायची. मग उजवा पाय नळीखालच्या त्रिकोणातून पलीकडे घालायचा, उजवी काख सीटवर अडकवायची, डाव्या हाताने हँडल धरायचे आणि वाकडे होऊन अर्धे-अर्धे पायडल मारायचे. त्याला कैची म्हणत. फ्रेमचे माप चुकले की शरीर स्वतःच कशी वाट काढते, याचा यापेक्षा बोलका पुरावा मला माहीत नाही. आठ वर्षांच्या अंगाला ते चालते. चाळिशीतली पाठ आणि गुडघे अशी तडजोड फार दिवस सोसत नाहीत.

आता माउंटन बाइकचा उगम पाहायला कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत जाऊ. माउंट टॅमलपायसच्या परिसरात काही तरुण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली डोंगरावर चढवून मातीच्या रस्त्याने खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली 'रिपॅक' शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत १३०० फूट उतार! मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस इतके तापायचे की धूर होऊन उडून जायचे, आणि दर फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागायचे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. १९७७ मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझने खास डोंगरासाठी पहिली फ्रेम बांधली, पण कोन आणि मापे घेतली ती जुन्या श्विन एक्सेल्सियरचीच.

उतारावर उडणाऱ्या सायकलस्वाराला वरची नळी नकोशी असते. सायकल खाली आदळली, पाय घसरला की ती कुठे लागते हे सांगायला नको. म्हणून डोंगरी सायकलींची वरची नळी सीटकडे उतरती होत गेली. १९९० च्या दशकात माइक बरोज या इंग्रज रचनाकाराने जायंट कंपनीच्या रस्त्यावरच्या शर्यतींच्या सायकलीतही ही उतरती नळी आणली आणि फ्रेमची डझनभर मापे तीनांवर आणून दाखवली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमनने ज्या लोटस सायकलीवर सुवर्णपदक जिंकले, तिच्यामागेही याच बरोजचे डोके होते.

नळी उतरती झाली आणि सतरा इंचांतला अर्थ निघून गेला. उभी नळी आता हवी तितकी आखूड करता येते. उरलेली उंची सीटचा लांब दांडा भरून काढतो. दोन कंपन्यांच्या १७ इंची सायकली शेजारी ठेवा, एक दुसरीपेक्षा चांगली लांब निघू शकते. आकडा मात्र लेबलवर राहिला, आणि पुढे त्याच्या जागी स्मॉल, मीडियम, लार्ज ही अक्षरे आली. अक्षरांनी तर मोजण्याचा आवच सोडून दिला.

शिंप्याकडे गेलो की तो उंची विचारत नाही. छाती, कंबर, बाही, पायाची आतली लांबी असे एकेक माप वहीत लिहितो. शिवाय सदरा आणि विजार तो वेगवेगळी शिवतो. सायकल म्हणजे सदरा आणि विजार एकाच तुकड्यात शिवलेला कपडा. सीटची उंची ही विजार, हँडलपर्यंतची पोच हा सदरा. १७० सेंटिमीटर उंचीची दोन माणसे घ्या. एकाच्या पायांची आतली लांबी ७६ सेंटिमीटर, दुसऱ्याची ८२. पहिल्याला सीट खाली हवी, पण त्याचे धड सहा सेंटिमीटरने लांब असल्याने हँडल पुढे हवे. दुसऱ्याला नेमके उलटे. तक्ता मात्र दोघांनाही मीडियम देऊन मोकळा होतो.

यावरून मला गिल्बर्ट डॅनियल्सची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकी हवाई दलात विमाने ताब्यातून सुटण्याचे प्रकार वाढले होते. कॉकपिट १९२० च्या दशकातल्या सरासरी वैमानिकाच्या मापाने बांधलेले. अधिकाऱ्यांना वाटले, माणसे आता मोठी झाली असतील, सरासरी नव्याने काढू. ४०६३ वैमानिकांची मापे घेतली गेली. त्या कामात डॅनियल्स नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता, हार्वर्डमध्ये शारीरिक मानववंशशास्त्र शिकून आलेला. त्याने वेगळाच प्रश्न विचारला: यातले सरासरी वैमानिक आहेत तरी किती? उंची, छाती, बाही अशी कॉकपिटला महत्त्वाची दहा मापे त्याने निवडली. प्रत्येक मापात मधल्या ३० टक्क्यांत बसणारा तो सरासरी, अशी ऐसपैस व्याख्या ठरवली. तरीही दहाच्या दहा मापांत बसणारे निघाले शून्य. ४०६३ पैकी एकही नाही! तीनच मापे धरली तरी साडेतीन टक्केदेखील बसत नव्हते. सरासरी माणसासाठी बांधलेले कॉकपिट कोणासाठीच बांधलेले नव्हते. हवाई दलाने ते मान्य केले आणि मागेपुढे सरकणाऱ्या सीटा, जुळवता येणारी पायडले, सैल-घट्ट करता येणारे पट्टे आले. आपण गाडीत बसल्यावर आधी सीट सरकवतो, त्यामागे हाच विचार आहे. डॅनियल्सचे नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवे होते.

मग मोजायचे कसे? अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहा, पायांत वीतभर अंतर ठेवा, एक जाड पुस्तक दोन मांड्यांमध्ये सीटसारखे घट्ट वर सरकवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घरातल्या कोणाकडून मोजून घ्या. ही आतली लांबी. तिला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. हे सूत्र फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांचे, आणि तीनदा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडने ते जगभर पोहोचवले. आपल्या पहिल्या माणसाला ते ६७.१ देते, दुसऱ्याला ७२.४. उंची तीच, फरक पाच सेंटिमीटरांहून जास्त.

पण दशांशानंतरच्या तीन आकड्यांनी भारावून जाऊ नका. १९६७ मध्ये हॅम्ले आणि थॉमस या संशोधकांनी दुसरे सूत्र दिले: खाली गेलेल्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत आतल्या लांबीच्या १०९ टक्के. १७.५ सेंटिमीटरची क्रँक धरून तेच ७६ सेंटिमीटरचे पाय मोजले तर आसापासूनची उंची येते ६५.३. दोन नामांकित सूत्रांत पावणेदोन सेंटिमीटरांची तफावत! सूत्र सुरुवातीपुरते वापरा. पायडल तळाशी असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो का, हा शेवटचा निकष. शिवाय डोंगर उतरताना सीट मुद्दाम खाली घेतात.

सीटचे माप सोपे, कारण ते वर-खाली करता येते. खरी निवड पोचेची. इथे अंक हवेत ते दोन: रीच आणि स्टॅक. क्रँकच्या आसातून एक सरळ उभी रेषा वर न्या. हँडल ज्या आखूड नळीत फिरते तिच्या माथ्यापासून त्या रेषेपर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच, आणि आसापासून त्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. या हिशेबात सीट कुठेच नाही, आणि तेच त्याचे सौंदर्य. उतारावर तुम्ही उभे असता. शरीर सायकलला चारच ठिकाणी धरून असते, दोन पायडले आणि दोन मुठी. वरच्या नळीची आडवी लांबी हे जुने माप इथे फसवते. रीच तोच ठेवून सीटची नळी ७३ अंशांवरून ७६ अंशांवर उभी केली, तर हे माप सुमारे साडेतीन सेंटिमीटरने घटते. उभे राहिलेल्या माणसाला मात्र काहीच बदललेले जाणवत नाही.

रीच आणि स्टॅकला चलनात आणण्याचे श्रेय डॅन एम्पफील्ड या कॅलिफोर्नियाच्या माणसाला जाते. तो ट्रायथलॉनपटूंसाठी सायकली बनवायचा, डोंगराशी त्याचा संबंध नव्हता. म्हणूनच की काय, आज प्रत्येक मोठी माउंटन बाइक कंपनी त्याची ही जोडी छापते आणि त्याचे नाव कोणी घेत नाही. स्पेशलाइज्ड कंपनीने तर काही सायकलींवर स्मॉल-मीडियम काढून एस-१ ते एस-६ असे क्रम दिले. ते उभ्या नळीवर नव्हे, रीचवर बेतलेले आहेत. हे पाऊल मला मनापासून पटते.

याच रीचच्या नावाने चालणारा गाजावाजा मात्र पटत नाही. लांब फ्रेम आणि आखूड स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) ही जोडी मरिनच्या त्याच तरुणांतल्या गॅरी फिशरने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणली. स्पेनच्या मोंड्रेकर कंपनीने २०१० नंतर ती आणखी ताणली. मीडियम फ्रेमचा रीच पूर्वी ४०० मिलिमीटरच्या आसपास असे, आज ४५० च्या घरात आहे. वेगाने उतरताना लांब सायकल स्थिर राहते यात शंका नाही. पण दोन चाकांतले अंतर ११० सेंटिमीटरचे १२० झाले की हँडल तेवढेच वळवून सायकल सुमारे ९ टक्के मोठे वळण घेते. आपल्या सह्याद्रीतल्या अरुंद पायवाटांच्या कोपऱ्यांवर ते ९ टक्के जाणवतात. ताशी ५० किलोमीटरने डोंगर उतरणाऱ्याच्या गरजा टेकडी आणि माळरानावर फिरणाऱ्याच्या माथी मारणे योग्य नाही. आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा तक्ता पाहून आजची सायकल घेऊ नका, त्यातला मीडियम आणि आजचा मीडियम वेगळे आहेत.

आता नाशिकच्या वाचकांना उत्तर. तुम्ही दोन मापांच्या सीमेवर आहात, म्हणून आधी पुस्तक घेऊन भिंतीशी उभे राहा. दोन्ही सायकलींवर पाय फाकून उभे राहून नळी आणि जांघ यांत निदान पाच सेंटिमीटर मोकळी जागा राहते का पाहा. नसेल तर ती सायकल बाद, कारण सीट वर करता येते, नळी खाली करता येत नाही. मग पायडले आडवी ठेवून, सीटवरून उठून, कोपर किंचित वाकवून हँडल धरा. खांदे ताणले जात असतील तर लहान घ्या, गुडघे हँडलला भिडत असतील तर मोठी घ्या. दोन्ही चालत असतील आणि तुमचे पाय उंचीच्या मानाने लांब असतील, तर धड आखूड आहे, स्मॉल घ्या. पाय आखूड आणि हात लांब असतील तर मीडियम. फरक सेंटिमीटरभर असेल तर स्टेम बदलून भागते, त्याहून जास्त स्टेमवर ढकलू नका, सायकलचे वळणे बिघडते.

आणि दुकानदारांना एक विनंती. सायकलला टांगलेल्या चिठ्ठीवर किमतीखाली तीन आकडे लिहा: वरच्या नळीची जमिनीपासूनची उंची, रीच आणि स्टॅक, तिन्ही मिलिमीटरमध्ये. कंपनीकडे ते असतातच. गिऱ्हाइकाने मागायचे आणि तुम्ही द्यायचे, एवढेच बाकी आहे.