पिल्लू चावतं, ते दातांमुळे

चार महिन्यांचं मांजराचं पिल्लू चपलेचा पट्टा, चार्जरची वायर आणि माणसाचं बोट सारख्याच आवडीनं चावू लागलं, की घरात दोन निदानं होतात: पिल्लू द्वाड तरी आहे, नाहीतर त्याला जंत तरी झालेत. जंताचं औषध वेळच्या वेळी द्यावंच, पण या चावण्याचं कारण बहुधा तोंडातच असतं. मांजराला दुधाचे २६ दात येतात. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ३० दात येतात. या काळात हिरड्या ठणकतात आणि काहीतरी चावलं की बरं वाटतं. पडलेला दात पिल्लू बहुतेक वेळा गिळून टाकतं, म्हणून दात पडताहेत हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. खेळण्यावर रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर घाबरायचं कारण नाही.

मग दात आले की खोड जाईलच, काही करायचं कशाला, असं कुणी म्हणेल. ठणका जातो हे खरं. पण बोटं हे खेळणं आहे असं एकदा पिल्लानं ठरवलं, की मोठेपणी तोच खेळ ते धारदार सुळ्यांनी खेळतं. फटका मारल्यानं ते फक्त हाताला घाबरायला शिकतं. पिल्लू चावलं की खेळ थांबवून हात शांतपणे काढून घ्यावा आणि पुढे मऊ रबरी खेळणं किंवा ओलं करून फ्रिजमध्ये गार केलेलं फडकं धरावं.

खरा धोका दातांपेक्षा आपल्या घरगुती उपायांत आहे. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण तिचं विष निष्प्रभ करण्याची त्याच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते. हिरडीवर लवंगतेल किंवा माणसांचं दातदुखीचं जेलही लावू नये. शिजवलेल्या हाडाच्या टोकदार चिरफळ्या होतात. आणि चित्रांमुळे मांजराशी कायमचा जोडला गेलेला लोकरीचा गुंडा तर नकोच: जिभेवरचे काटे मागे वळलेले असल्यानं तोंडात गेलेला धागा आत सरकत जातो, आतडं गोळा करतो आणि शस्त्रक्रियेची वेळ आणतो. वायरी झाकाव्यात, लिलीची झाडं घरात ठेवूच नयेत. पिल्लानं खाणंच सोडलं, तोंडाला घाण वास आला किंवा नवा सुळा आल्यावरही दुधाचा सुळा शेजारी तसाच राहिला, तर पशुवैद्याला दाखवावं.