उन्हाची वीज रात्री कशी मिळेल?

ऊन दिवसा पडते. दिवा मात्र रात्री लागतो. मग उन्हाची वीज रात्रीसाठी ठेवायची कशी?

आमच्या शेतात सौर पंप आहे. आधी आबांना रात्री दारं धरायला जावे लागे. अंधारात विंचूकाट्याची भीती. आबा येईपर्यंत आई जागीच असायची. आता आबा दिवसाच पाणी देतात. पण सूर्य मावळला की पंप बंद. आणि रात्री घरची लाईट गेली की ताईचा दहावीचा अभ्यास अडतो. मी म्हटलं, "आबा, दुपारची वीज कणगीत भरून ठेवू या की!" आबा हसले.

मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "वीज जशीच्या तशी साठत नाही. तिचे रूप बदलून ठेवावे लागते." बॅटरीत ती रसायनांच्या रूपात राहते. दुसरा उपाय पाण्याचा आहे.

आपल्या शाळेची टाकी बघा. लाईट असते तेव्हा मोटर पाणी वर चढवते. लाईट गेली तरी नळाला पाणी येते, कारण टाकी उंचावर आहे. उंचावरच्या पाण्यात शक्ती असते.

असेच मोठे काम सह्याद्रीत घाटघरला आहे. वरचा तलाव अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात आहे. खालचा तलाव ठाणे जिल्ह्यात चोंढे येथे आहे. दोन्हींत सुमारे ४०० मीटर उंचीचा फरक आहे. वीजघर डोंगराच्या पोटात आहे. वीज जास्त असली की पाणी वर चढवतात. वीज कमी पडली की तेच पाणी खाली सोडतात. पाण्याने चाक फिरते व वीज तयार होते. तेच यंत्र उलटे फिरवले की पंप होतो! अशी १२५ मेगावॉटची २ यंत्रे तिथे आहेत. हे काम २००८ साली सुरू झाले. दुपारची जादा सौर वीजही अशी साठवता येते.

पण पाणी चढवायला १०० युनिट लागले तर परत ७५ ते ८० युनिटच मिळतात. मला वाटले, हा तर तोटाच! आई म्हणाली, "कणगीतलं थोडं धान्य किडे खातात, म्हणून कुणी साठवायचं सोडतं का?"

तर मित्रांनो, टाकीतले पाणी म्हणजे साठवलेली वीजच आहे. पाणी पिऊन झाले की नळ नीट बंद करा.

– इयत्ता ४ थी