वजनकाट्याचा आकडा कोण वाचतं?

हार्ट फेल्युअरचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला, की मुलं ब्लूटूथचा वजनकाटा, बीपीचं यंत्र आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणून देतात. त्यामागची काळजी खरीच असते, पण त्या यंत्रांबरोबर काही चुकीच्या समजुतीही घरात शिरतात.

गैरसमज : यंत्रं आणली, आता काळजी मिटली.
वस्तुस्थिती : हा सगळ्यांत घातक गैरसमज. यंत्र फक्त आकडा पाठवतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या १,६५३ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्यांनी रोज फोनवरच्या स्वयंचलित यंत्रणेला वजन आणि लक्षणं कळवायची होती. सहा महिन्यांत त्यांचं पुन्हा दाखल होणं किंवा मृत्यू, काहीच कमी झालं नाही. जर्मनीत मात्र वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन रोज बिनतारी पोहोचत होते आणि पलीकडे डॉक्टर-नर्स चोवीस तास बसलेले होते. २०१८ साली तिथले निष्कर्ष आले : मृत्यूंचं प्रमाण वर्षाला शंभर रुग्णांमागे सुमारे ११ वरून ८ वर आलं. आकडा वाचून औषध बदलणारं माणूस हवं, ते असं.

गैरसमज : म्हाताऱ्या माणसांना हे जमत नाही.
वस्तुस्थिती : जर्मनीतल्या त्या रुग्णांचं सरासरी वय ७० होतं. शांतपणे दोन-चारदा करून दाखवा, जमतं.

गैरसमज : ब्लूटूथच्या लहरींनी पेसमेकर बिघडतो.
वस्तुस्थिती : घरगुती ब्लूटूथ उपकरणांची शक्ती काही मिलिवॅट इतकीच असते. सांभाळायचं ते मोबाईलपासून : तो पेसमेकरपासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवा, शर्टाच्या वरच्या खिशात नको.

गैरसमज : ऑक्सिमीटरवर ९५ दिसलं म्हणजे सगळं ठीक.
वस्तुस्थिती : बोटं गार असली किंवा नखाला नेलपॉलिश असलं, तर आकडा चुकू शकतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये दिला. सावळ्या माणसांच्या आपल्या देशात हे प्रत्येक घराला ठाऊक हवं. आकडा चांगला आहे म्हणून दम लागल्याकडे दुर्लक्ष करू नका.

यंत्र घेण्याआधी डॉक्टरांना विचारा : आकडे कोण बघणार, आणि रात्री कोणाला फोन करायचा? तीन दिवसांत वजन दोन किलोंहून जास्त वाढलं, तर अंगात पाणी साठत असू शकतं. त्याच दिवशी कळवा. धाप अचानक वाढली किंवा छातीत दुखू लागलं, तर ॲप बघत बसू नका, १०८ ला फोन करा.