एका कानाचे भाडेकरू

ओटीवरच्या दिव्याभोवती पतंग घिरट्या घालत असताना किल्ल्यांचा जुडगा जोरात खुळखुळवला, की त्यातले काही टपकन खाली पडतात. हा खेळ मला लहानपणी मामाने शिकवला. असं का होतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मला कळलं ते चाळिशीत. किल्ल्या एकमेकींवर आपटताना आपल्याला ऐकू न येणारा, फार उंच पट्टीतला आवाजही निघतो, आणि पतंगाच्या लेखी असा आवाज म्हणजे वटवाघूळ. तेव्हापासून पतंगाचा कान हे माझं खूळ आहे.

वटवाघळं कानाने ‘पाहतात’ ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पालान्झानी या शास्त्रज्ञाला तो संशय आला, जाणत्यांनी त्याची थट्टा केली, आणि 1938 मध्ये हार्वर्डला डोनाल्ड ग्रिफिनने, माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपणाऱ्या पिअर्स या शास्त्रज्ञाच्या यंत्रापुढे वटवाघूळ धरलं तेव्हा त्याची मूक ओरड उघडकीला आली. पण हे सगळं शिकाऱ्याच्या बाजूचं. शिकारीच्या बाजूची कहाणी मला जास्त ओढते.

जोंधळ्यावर, भातावर पडणारी लष्करी अळी आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? तिचा पतंग ज्या कुळातला, त्या कुळाचे कान डोक्यावर नसतात. छाती जिथे पोटाला जुळते तिथे, मागच्या पंखांच्या आडोशाला, दोन्ही बाजूंना एकेक पातळ पडदा असतो. माणसाच्या एका कानात ऐकण्याच्या कामी सुमारे 15,000 केसपेशी लागतात. या पतंगाचं एका कानात दोन पेशींवर भागतं. पहिली हळव्या कानाची, लांबूनच वटवाघळाची चाहूल घेणारी. दुसरी फक्त मोठ्या आवाजाला जागी होणारी. आवाज बारीक असेल तर पतंग तोंड फिरवून दूर निघतो. मोठा असेल तर वेडीवाकडी गिरकी घेतो किंवा सरळ जमिनीकडे झेपावतो.

हे उलगडलं टफ्ट्स विद्यापीठाच्या केनेथ रोडर आणि न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजच्या अॅशर ट्रीट या दोघांनी, 1950 च्या दशकात. मॅसॅच्युसेट्समधल्या टायरिंगहॅम या गावी त्यांनी उपकरणं उघड्या माळावर नेली, पतंगाच्या कानाच्या मज्जातंतूला तार जोडली आणि पतंगाच्याच कानाने वटवाघळं ऐकली. वटवाघळाला पतंग कळतो तो चार-सहा मीटरवर. पतंगाला वटवाघूळ तीसेक मीटरवरून कळतं. पुस्तकांत नाव रोडरचं मोठं आहे, आणि ते रास्तही आहे. माझा जीव मात्र ट्रीटवर.

कारण पतंगांचे कान तपासताना त्याला त्यांत कचरा दिसला, आणि तो त्याने झटकून टाकला नाही. कचरा जिवंत होता. शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतात, त्याच्या गणगोतातले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट कानात बिऱ्हाड करून होते. म्हणजे कीटकाच्या कानात कोळ्याचा नातेवाईक, आणि बाहेर सस्तन प्राणी टपलेला. 1954 मध्ये ट्रीटने या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला ‘फॅलिनोडेक्टिस’, म्हणजे पतंगाला चावणारी, असं नाव दिलं.

हे माइट पडदा फोडून आत शिरतात आणि तिथेच खातात, अंडी घालतात, पिलावळ वाढवतात. तो कान कायमचा जातो. पण एका पतंगामागून दुसरा पतंग तपासताना ट्रीटला दिसत राहिलं, की घर उजव्या कानात असेल तर डावा शाबूत, आणि डाव्यात असेल तर उजवा.

मग तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. फुलावर मध प्यायला आलेल्या पतंगावर पहिली मादी चढते. छातीवर हिंडते, दोन्ही बाजू चाचपते आणि एक कान धरते. मागून येणाऱ्या तिच्या वाटेच्या खुणेवरून त्याच कानात शिरतात. आत कितीही गर्दी होवो, पलीकडचं रिकामं घर सहसा कोणी फोडत नाही.

याला माइटचा समंजसपणा म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. ज्यांनी दोन्ही कान फोडले, ते आपल्या बहिऱ्या पतंगासकट वटवाघळाच्या पोटात गेले आणि वंश राहिला तो एका कानावर थांबणाऱ्यांचा. बसल्या फांदीवर कुऱ्हाड न घालायला अक्कल लागतेच असं नाही.

ट्रीटने याच भाडेकरूंच्या मागे वर्षं घालवली. पतंग-फुलपाखरांवरच्या माइटविषयीचं त्याचं जाडजूड पुस्तक 1975 मध्ये आलं. असल्या विषयाला आयुष्य देणाऱ्याची आपल्याकडे कीव केली जाते, आणि मला त्या कीव करणाऱ्यांची येते.

एक प्रश्न मात्र मला बरेच दिवस छळत होता. एका कानावर भागतं, तर पतंगाने दोन का बाळगावेत? उत्तर 1966 च्या एका निबंधात सापडलं. तो लिहिणाऱ्यांत रोडरबरोबर रॉजर पेन होता, जो पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे जगभर गाजला. आवाज कोणत्या बाजूने येतो हे ठरवायला पतंगाला दोन कानांतला फरक लागतो. म्हणजे भाडेकरू असलेल्या पतंगाला वटवाघूळ आलंय एवढं कळतं. कुठून आलंय, ते कळणं भाडेकरूंनी खाल्लेलं असतं.