नळीच्या भिंतीवरचा थर

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची वानवा नाही. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ साली माळीनगरला स्वतःचा कारखाना उभा केला. पुढे श्रीपूर, अकलूज, कुमठे अशी नावं वाढत गेली आणि १९८० मध्ये उजनी धरण झाल्यावर भीमाकाठी उसाचा पट्टाच पसरला. कारखाना बघायला आलेला पाहुणा गव्हाणीत पडणारा ऊस आणि मिलचे रोलर बघून भारावतो. बॉइलिंग हाऊसमध्ये ओळीनं उभ्या असलेल्या बाष्पीभवनाच्या बॉड्यांपाशी मात्र तो फारसा रेंगाळत नाही. माझ्या मते कारखान्याचा कस लागतो तो तिथं.

स्वच्छ केलेला रस साधारण १५ ब्रिक्सचा, म्हणजे शंभर भागांत १५ भाग विरघळलेले घन पदार्थ असलेला असतो आणि सिरप ६० ब्रिक्सचं हवं असतं. म्हणजे १०० टन रसातून ७५ टन पाणी वाफ करून घालवायचं. एवढं पाणी थेट वाफेवर उडवायचं म्हटलं, तर बॉयलरमध्ये जाळायचा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, पुरणार नाही. यावरचा तोडगा नॉर्बर्ट रिलियू या न्यू ऑर्लिन्सच्या अभियंत्यानं १८४०च्या दशकात काढला. पहिल्या बॉडीतल्या रसाची वाफ दुसरीला तापवते, दुसरीची तिसरीला. दाब उतरत जातो, तसा रस कमी तापमानाला उकळतो. चार बॉड्यांच्या ‘क्वाड’मध्ये एक किलो वाफ जवळपास चार किलो पाणी घालवते. रिलियूची आई कृष्णवर्णीय होती आणि ज्या लुइझियानात हे यंत्र चाललं, तिथं तेव्हा गुलामगिरी होती. साखरेच्या इतिहासात हे नाव ठसठशीत लिहिलं गेलं पाहिजे.

आता बॉडीच्या आत पाहू. कॅलेंड्रियात, म्हणजे तिच्या तापवणाऱ्या भागात, दोनेक मीटर लांबीच्या, सुमारे ४५ मिलिमीटर व्यासाच्या उभ्या नळ्या दाटीवाटीनं बसवलेल्या असतात. आत रस, बाहेर वाफ. वाफ नळीला टेकली की तिचं पाणी होतं आणि त्याचा पातळ पापुद्रा नळीवरून खाली ओघळतो. पुढची वाफ या पापुद्र्यावर येऊन थांबते. तिची उष्णता त्यातून वाट काढत आत जाते. विल्हेल्म नुसेल्टनं १९१६ मध्ये याचं गणित मांडलं. त्या हिशेबानं पहिल्या बॉडीत नळीच्या तळाशी हा पापुद्रा मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याइतका भरतो. व्यासापुढे तो इतका पातळ, की नळीची गोलाई विसरून सपाट पत्र्याचं सूत्र वापरलं तरी चालतं.

आतल्या बाजूला भिंतीलगतचा रस जवळजवळ जागेवरच असतो. प्रवाह भिंतीपाशी असा का अडतो, हे लुडविग प्रांट्लनं १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत सांगितलं. त्याआधीच, १८७४ मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं घर्षण आणि उष्णता यांचं नातं दाखवलं होतं: जी घुसळण भिंतीची उष्णता प्रवाहात नेते, तीच घर्षणही वाढवते. एक हवं तर दुसऱ्याची किंमत मोजावी लागते. शेवटच्या बॉडीत रस काकवीच्या वाटेवर असतो, घट्ट आणि आळशी. तिथली घुसळण मंदावते आणि उष्णतेची वाट सर्वांत अरुंद होते.

त्यात भर म्हणून नळ्यांच्या आतून क्षार साचतात. कॅल्शियम आणि सिलिकाची ही खपली उष्णतेला धातूपेक्षा कितीतरी जास्त अडवते. म्हणून ठरावीक दिवसांनी गाळप थांबवून बॉडीत कॉस्टिक सोडा उकळतात, मग झाकण उघडून नळी-नळीत ब्रश फिरवतात. कामगार वरून बॅटरीचा झोत टाकून प्रत्येक नळी निरखतो. धातू चकाकला तर ठीक, करडा डाग दिसला की ब्रश पुन्हा आत. नळ्यांच्या बाहेरच्या बाजूला, थंड होऊनही पाणी न होणारे वायू साठू नयेत म्हणून ते बाहेर काढणारी ‘अमोनिया लाइन’ असते. ती तुंबली तर वाफ असूनही बॉडी ढिली पडते.

नव्या कारखान्यांत फॉलिंग फिल्म बॉड्या आल्या आहेत. तिथल्या लांब नळ्यांत रस वरून पातळ थरानं उतरतो, त्यामुळे उष्णता झटपट शिरते आणि रस फार वेळ तापत राहत नाही. पण हा थर सलग राहायला हवा. वरचं वाटप बिघडलं की नळीचा काही भाग कोरडा पडतो आणि तिथं साखर करपते.