बल्ब पकडतो चोर!

बालदोस्तांनो, आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं. तेव्हाचे रेडिओ होते व्हॉल्व्हचे. यवतमाळ, पुसद, वणीकडच्या एखाद्या जुन्या घरात, माळ्यावर असा आजोबांचा रेडिओ अजून सापडेलही. पण प्लग लावताच फ्यूज उडाला तर? 'जाड तार टाक की!' कुणी म्हणेल. छे! त्यानं ट्रान्सफॉर्मरच जळेल, आणि जुन्या सेटचा ट्रान्सफॉर्मर सहजी मिळत नाही.

फ्यूज उडतो, कारण वीज ठरलेला रस्ता सोडून आडवाटेनं पळते. हाच शॉर्ट! जाणता मेकॅनिक मग रेडिओच्या आधी, विजेच्या वाटेतच १०० वॉटचा साधा बल्ब जोडतो. हा सिरीज बल्ब. त्यामुळे रेडिओत भलता प्रवाह घुसत नाही. बल्ब मंद राहिला तर शॉर्ट नाही. भगभगीत पेटला तर आहे. आता रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढायचा. बल्ब मंदावला? दोष त्याच्या पुढे. तसाच पेटला? दोष ट्रान्सफॉर्मरकडे. झाली की निम्मी शोधाशोध! मग सेट बंद करून, मल्टिमीटर लावून एकेका भागाचं एक टोक सोडवायचं. ज्याचं टोक सुटताच शॉर्ट जातो, तोच चोर. बरेचदा तो म्हातारा कंडेन्सर निघतो.

मात्र हे काम मेकॅनिककाकांचंच हं! प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये जोराचा झटका देईल इतकी वीज उरते. तुम्ही लांबून बघा आणि विचारा, 'फ्यूज उडालाच का?' दुरुस्ती तिथूनच सुरू होते.